शत्रूसाठी पुलाव

कुकरच्या शिट्टीने घरातली शांतता मोडली. रूथ तावातावाने डबा भरू लागली. शेजारच्या मार्थाकाकूंच्या शेळीने रूथच्या लेकीचा, शलोमीचा, बाप्तिस्म्याचा रेशमी झगा चावून खाल्ला, तेव्हापासून तीन वर्षं अबोला होता. पण रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, शत्रूवर प्रेम करा, त्याला जेवू घाला. म्हणून रूथने सढळ तूप घालून पुलाव केला होता. एकेक घास गिळताना काकू लाजेने अर्ध्या झाल्या पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं.

शलोमीला कडेवर घेऊन तिने दार उघडलं, तर समोर काकूच. हातात मटणाचं पातेलं.

“धर. मी तुला माफ केलं.”

“तुम्ही मला? काकू, झगा माझ्या लेकीचा गेला!”

“माझ्या कुंपणावर वाळत घातला कुणी? रेशीम खाऊन शेळीचं दूध आटलं माझ्या! शत्रू तूच.”

“अजिबात नाही, तुम्हीच. आधी माझा पुलाव घ्या!”

“आधी तू मटण घे!”

डबा आणि पातेलं उंबऱ्यावर एकमेकांना धडका देत राहिली. शलोमी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

“आई,” तिने हळूच विचारलं, “आपण कधीपासून काकूंचे शत्रू आहोत गं?”