दारुड्याचं काम

गॅदरिंगच्या नाटकात दारुड्याचं काम अंकिताकडे आलं. पायात घातलेलीच चप्पल अंगणभर शोधायची आणि सापडत नाही म्हणून खेकसायचं. तालमीत पोरं हसून लोळायची. सर विचारायचे, "कुठून शिकलीस गं हे?" ती म्हणायची, "असंच."

आज पडदा सरकला आणि पहिल्याच रांगेत पप्पा दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून, न पिता आलेले. ती सरळच चालत राहिली. मागून एक पोरगं ओरडलं, "ए, उतरली काय गं?"

"पिऊन काय केलं, ते त्यांना सकाळी आठवत नाही बघ," असं आई नेहमी सांगायची.

पप्पाच मान खाली घालून हळूच म्हणाले, "चप्पल शोध की, पोरी."

अंकिता वाकली. मांडव खदखदून हसला. पायातली चप्पल तिला खरंच दिसत नव्हती.