काळी एक

पुन्हा तेच झालं. सगुणानं अभंगाची पहिली ओळ उचलली आणि लगेच सोडून दिली. बाकीच्या नऊजणी टाळ हातात धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. खाली म्हणावं तर घशातून आवाज निघेना, वर म्हणावं तर नुसती किंचाळी.

"काकू, परत काळी एक लागली," सगुणा म्हणाली. रागावून नव्हे, अगदी हळू.

वृंदाकाकूंनी खाली बघितलं. बोट खरंच पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर होतं. तो पुरुषमाणसाचा सूर. ह्या बायकांना काळी चार लागते. चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या बाईला हे दुसऱ्यानं सांगायला लागावं, म्हणजे कर्मच म्हणायचं. पण ती चाळीस वर्षं रोह्याच्या देवळात दर एकादशीला दामोदरपंत गायचे आणि त्या साथ करायच्या. नवरा काळी एकमध्ये गायचा, म्हणून पेटीही काळी एकमध्येच वाजायची. मागच्या वर्षी दामोदरपंत गेले. बोटांना कुणी ते सांगितलं नसावं.

त्यानंतर पेटीवर खोळ चढली ती चढलीच. घरात चार खोल्या, बोलायला कुणी नाही. मुलगा निमिष रविवारी फोन करायचा, तब्येत विचारायचा, गोळ्या घेतल्यास का विचारायचा, आणि फोन ठेवायचा. अशात पुलापलीकडच्या अष्टमी गावातून सगुणा दारात आली. बायकांचं भजनी मंडळ काढलंय, टाळ हायत, मृदुंग हाय, पेटीला माणूस नाय, देवाची सेवा समजून या, असं म्हणाली. काकूंनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पेटी काय, थाळी बडवायला बोलावलं असतं तरी त्या पूल ओलांडून आल्या असत्या.

आता अष्टमीच्या देवळाचा उत्सव चार दिवसांवर आला होता. सगळ्या गावासमोर म्हणायचं होतं, आणि आज तिसऱ्यांदा पट्टी चुकली होती. मागून मृणाली शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, की फोनात पेटी मिळते, एकदा पट्टी लावली की हलत नाय. ती हळूच म्हणाली होती, पण सुराला सरावलेले कान असलं नेमकं पकडतात. काकूंना परतीचा पूल दिसला, कुलूप दिसलं, खोळ दिसली.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या. "एकदाच."

सगुणानं मृणालीकडे एकवार बघितलं. मग देवापुढच्या ताटातलं कुंकू बोटाला लावून घेतलं आणि पेटीच्या काळी चारवर ठिपका दिला. म्हणाली, "आता ह्याच्यावरून नजर हलवू नका."

वर्षभर कुंकू हाताशी आलं नव्हतं. काकूंनी भाता ओढला.

ह्यावेळी जमलं. नऊजणींचे आवाज एकदम मोकळे झाले, मृदुंगवालीसुद्धा खुशीत आली. काकू मात्र मान खाली घालून ठिपक्याला धरून बसल्या. असं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. साथ करणाऱ्यानं पट्ट्यांकडे बघायचंच नसतं, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. श्वास कुठं घेतो, ओळ कुठं सोडतो, ते तिथं कळतं. उजवीकडे बसणाऱ्या दामोदरपंतांचे पुढचे दोन दात, त्यांतली फट, वरची तान घेताना वाकडा होणारा ओठ, हे सगळं त्यांना पाठ होतं. पेटीच्या पट्ट्या कशा दिसतात, हे जणू आजच बघितलं.

अभंग संपला. मृणालीनं फोन पर्समध्ये टाकला. सगुणा पदरानं घाम पुसत म्हणाली, "काकू, उत्सवाला शेवटचा अभंग तुम्ही म्हणायचा. आम्ही पाठी म्हणू."

"मी कुठं गाते गो?"

"इतकी वर्षं ऐकलंत ना? म्हणा मग. तुमची पट्टी कोणती?"

"काळी ए..."

"काकांची नाय ओ. तुमची."

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. खुद्द काकूंनीही नाही. "बघून सांगते," म्हणून त्या हसल्या, आणि हसणं फार लांबलं.

सेकंड शिफ्टवाल्यांचे डबे भरायचे होते, नळाला पाणी यायचं होतं. पाच मिनिटांत देऊळ रिकामं झालं. आपला दीर रिक्षा घेऊन येईल, तोवर बसा, असं सांगून सगुणाही गेली. जाता जाता तिनं सतरंजी गुंडाळून पेटीच्या उजव्या अंगाला उभी करून ठेवली.

काकू एकट्याच उरल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पहिली पांढरी पट्टी दाबली आणि हळूच 'सा' लावला. फार खाली. काळी एकवर बोट गेलंच नाही, ते पुढच्या पट्टीवर उतरलं. तिथंही आवाज बसेना. एकेक करत त्या वर सरकल्या, कुंकवाचा ठिपकाही मागे पडला. पांढरी सहाला आवाज लागला. बारीक होता, थोडा खरखरीत होता, पण कुठं ओढाताण नव्हती. इतका सोपा सूर अंगात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले.

आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी मान वर करून उजवीकडे, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

तिथं सतरंजी उभी होती.