शिवम्माचा गुडघा

“बस गं जरा,” महांतप्पा म्हणाला आणि एका दुकानाच्या ओट्यावर आपणच आधी बसला.

शिवम्मा उभीच राहिली. तुळजापूरच्या एसटी स्टँडवरून दवाखाना काही फार लांब नव्हता. तरी हा तिसरा थांबा होता.

“गुडघा माजा दुखतोय आन् बसताय तुमी,” ती म्हणाली.

“तुज्यासाठीच थांबलो की! बाईमाणसानं किती चालायचं?”

अणदूरहून निघताना त्यानं तिच्यासाठी बाभळीची काठी तासून आणली होती. ती काही काठीला हात लावेना. म्हातारी दिसते म्हणे. आता आणलेली काठी टाकून कशी द्यायची? मग वाटभर यानंच टेकत आणली.

तीन महिने झाले, शिवम्मा लंगडत होती. बिब्बा झाला, एरंडाची पानं बांधून झाली. जळवा लावू म्हटल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिनंच कुठून तरी ऐकून आणलं, की तुळजापूरला एक डॉक्टर न कापता, नुसती सुई देऊन गुडघा बरा करतात. “पर मी एकली न्हाय जायची. तुमी संगं चला,” ती म्हणाली. महांतप्पा जन्मात दवाखान्याची पायरी चढला नव्हता. पण बायकोसाठी निमूट निघाला.

कारण ज्वारीची पेरणी आठ दिवसांवर आली होती. लग्न झाल्यापासून चाळीस वर्षं पुढं यानं तिफण हाकायची आणि मागं चालत तिनं मोघ्याच्या नळीत दाणे सोडायचे, असंच चाललं होतं. यंदा पुतण्या म्हणाला, “आप्पा, आमी नवराबायको पेरून देतो की.” महांतप्पा असा भडकला, की पुतण्या दोन दिवस फिरकला नाही. चिडला खरा, पण आतून पार घाबरला होता. पेरणी सुटली की माणूस सुटला, असं त्याचं मन म्हणत होतं.

दवाखान्याची पायरी शिवम्मा डावा पाय ओढत चढली.

राघवेंद्र डॉक्टर तरुण होते. बायकोचं दुखणं नवऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना एव्हाना सवय झाली होती. परक्या पुरुषापुढं बाई बोलायची नाही, हे ठरलेलंच. म्हणून त्यांनी महांतप्पालाच विचारलं, “कुठला गुडघा?”

“उजवा,” महांतप्पा म्हणाला. “सकाळी उठलं की पार आखडलेला असतो. जरा चाललं की सुटतो, मग परत धरतो. चढताना एक येळ चालतंय साहेब, पर उतरताना आत कुणी दाभण घातल्यागत व्हतंय. उकिडवं बसलं तर उठवत न्हाय. आन् आभाळ आलं की असा ठणकतो, की कूस बदलताना...” तो थांबला. “ती काय बोलायची न्हाय. मला कळतं आपलं.”

डॉक्टरांनी मान वळवली. “बाई, असंच होतं का?”

शिवम्मानं पदर पुढं ओढला. “लई बराबर सांगितलं त्यांनी,” ती हळूच म्हणाली.

“गुडघ्यातली गादी झिजली की असं होतं,” डॉक्टर म्हणाले. “झिजलेलं काही परत येत नाही. पण सूज उतरते, दुखणं कमी होतं. सांध्यात पाणी साचलं असेल तर सुईनं काढू आणि तिथंच औषध सोडू. कापायचं काही नाही. दोन दिवस आराम. मग खाटेवर बसून पाय सरळ उचलायचा, रोज वीस वेळा.”

“आन् पेरणी?”

“करा की. पण सगळं रान एका दिवसात नाही उरकायचं.”

महांतप्पाचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं घसा खाकरला. “सुई लई मोटी असती का वो?”

“मोठी असते. का, भीती वाटते?”

“छ्या! म्या कशाला भिऊ? तिला सोसंल का, म्हणून इचारलं.”

वनमाला नर्स शिवम्माला पडद्याआड घेऊन गेली. थोड्या वेळानं तिनं डॉक्टरांनाही आत बोलावलं. महांतप्पा बाकावर एकटाच उरला.

आतून कुजबुज ऐकू येत होती. ओरडणं नाही, कण्हणं नाही. किती सोसते ही बाई, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं ती मागून चालत आली आणि यानं कधी वळून विचारलं नाही, की बाई, दमलीस का? त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. तिचं दुखणं माज्या अंगावर घाल, पर तिला चालती ठेव देवा, असं तो पुटपुटला.

तेवढ्यात आत नर्स खुदकन हसली. महांतप्पाला असा राग आला! माणूस दुखण्यानं बेजार आणि ह्यांना हसू सुचतंय.

पडदा सरला. डॉक्टर हातात ट्रे घेऊन बाहेर आले आणि स्टूल ओढून नेमके त्याच्याच पुढ्यात बसले. ट्रेमध्ये सुई होती. खरंच मोठी होती.

“साहेब, ती आत हाय,” महांतप्पा म्हणाला.

पण शिवम्मा डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर आली होती. झपझप, ताठ. येऊन त्याच्या शेजारी टेकली आणि चार माणसांदेखत तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला.

“धोतर घ्या वर,” ती म्हणाली. “तीन म्हैनं लंगडायचं सोंग करून करून माजी कंबर धरली, तवा कुठं इथवर आलाय तुमी.”