शेवंताचा ब्रेक

शेवंता गोधडीला टाके घालत होती, तेवढ्यात दवाखान्याच्या युनियनचे अध्यक्ष बोडकेभाऊ स्वतः दारात येऊन उभे राहिले.

“वॉर्डात आई पेजेला तोंड लावत नाही. शेवंताच हवी म्हणते. चल बाई जरा.”

शेवंता सरकारी दवाखान्यातली रोजंदारीवरची आया. सलग नोकरी झाली तर कायम करावं लागेल, म्हणून साहेब तिला दर सहा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन घरी बसवत. यंदा ती भाऊंकडे दाद मागायला गेली, तर तेच म्हणाले होते, “साहेबांचं बरोबर आहे. तुम्ही कायम झालात, तर आम्हा कायम लोकांच्या पोरांना जागा कुठून?”

शेवंता गेली. राग होता, पण आजारी म्हातारीवर नव्हता. वॉर्डात बसून तिनं चमच्याचमच्यानं पेज भरवली, तोंड पुसलं.

म्हातारीनं तिचं मनगट धरलं. “कुठं होतीस गं? उद्या येशील ना?”

“मी रोज येईन, आजी. मला घरी का बसवलंय, ते तुमच्या लेकाला विचारा.”

भाऊ घाईघाईनं रिकामी वाटी उचलून धुवायला निघाले.

“वाटी राहू दे,” म्हातारी म्हणाली. “आधी इकडं बस.”