फरशीला ऐकू येतं

घरमालक टिपणीस स्वतःच्या चावीनं दार उघडून आत आले.

"करार दोघांचा आहे. फरशीला कालपासून तिसऱ्या हृदयाचे ठोके ऐकू येतायत. जागा खाली करा."

मंजिरीनं अजून आईलाही सांगितलं नव्हतं. जेवायला बसलेल्या शंतनूला आपण बाप होणार हे असं कळलं.

मंजिरी शांतपणे म्हणाली, "काका, फरशीला भाडेकरूही विचारू शकतो. मी विचारलं. आम्ही कामावर गेल्यावर आमच्या बेडरूममध्ये रोज कोणाचं हृदय धडधडतं, ते तिनं सांगितलं. उद्या पोलिसांनाही सांगेल."

टिपणीस जागचे हलले नाहीत. पायाखालची फरशी त्यांचे ठोके मोजत होती, आणि ते वाढतच चालले होते.