शेक

पेटीतल्या तापमापकाचा काटा खाली सरकला तशी ऋजुता पेटीवर वाकली. निफाडची थंडी, त्यात सकाळपासून वीज नाही. पेटी उबदार ठेवणारा दिवा विझलेला. तिचा पाळीव अजगर डोकं आत खुपसून घट्ट वेटोळं घालून पडला होता. हात लावला तरी जीभसुद्धा बाहेर काढेना.

लग्न होऊन ती त्याला माहेराहून घेऊन आली, तेव्हापासून सासूबाईंनी या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. "ते ध्यान माझ्या नजरेस पडता कामा नये," ही त्यांची एकच अट.

आज त्याच लंगडत आत आल्या. हातात गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी होती, टॉवेलात गुंडाळलेली.

"पेटीच्या एकाच टोकाला ठेव. जास्त तापलं तर त्याला दुसरीकडे सरकता यायला हवं."

ऋजुताने पिशवी हातात घेतली. नवऱ्याला ती हेच समजावत असायची, ते यांनी बाहेरून ऐकलं होतं तर! "आई, तुमचे गुडघे?"

"माझे दुखले तर मी घर डोक्यावर घेईन. त्या मुक्या जिवाला ओरडता तरी येतं का?"