सहा विद्यार्थी, चोवीस अॅप्रन

"अॅप्रन उलटा घातलायस," भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

"चालेल हो बाई. लांबून कुणाला कळतंय?" पोरीने टेबलावरचं भिंग उचललं आणि त्यात आपले केस कसे दिसतात ते पाहू लागली. ती नाट्यशाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या शेजारचे दोघं इतिहासाचे, पलीकडचा तत्त्वज्ञानाचा. प्रयोगशाळेत चोवीस पांढरे अॅप्रन होते आणि त्यांत भौतिकशास्त्राचे खरे विद्यार्थी सहा.

बाईंनी भिंग तिच्या हातातून काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

यामागचं डोकं प्राचार्यांचं होतं. विज्ञानाच्या पदव्या चालू ठेवायच्या की नाही हे ठरवायला उद्या समिती येणार होती, आणि आज त्याची रंगीत तालीम होती. कला आणि विज्ञान एकाच छपराखाली शिकवणारं कॉलेज म्हणून मिरवायचं, तर प्रयोगशाळा ओस दिसून कसं चालेल? "आपली नाट्यशाखा काय नुसती शोभेला आहे?" असं ते भर बैठकीत म्हणाले, आणि बाकीचे विभागप्रमुख दात काढून हसले. रसायनवाल्यांनी तर बाटल्यांत रंगीत पाणी भरून त्यांवर नवीन चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या. बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे त्या वाशालाही रंग दिला होता.

सहाच विद्यार्थी आहेत याचं बाईंना दुःख नव्हतं. सहा तर सहा. पण उपकरणांसाठी तीन वर्षं अर्ज करून त्या थकल्या होत्या. पालथ्या घड्यावर पाणी. ऑसिलोस्कोपचा पडदा केव्हाच गेला होता. आज मात्र त्याचा लाल दिवा पेटवून ठेवला होता. मुलं मागच्या वर्षीच्या वह्यांमधून आकडे उतरवायची आणि बाई खाली सही ठोकायच्या.

गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. पहिल्या वर्गात पास झालेली. कारखान्यातल्या मुलाखतीत तिच्या हातात स्क्रूगेज देऊन तारेची जाडी मोजायला सांगितली, तर ते धरायचं कसं हेच तिला येईना. "सगळे हसले, बाई," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून बाईंना स्वतःच्या सहीची शिसारी यायची.

समिती एक दिवस आधीच येऊन थडकली. "न कळवता आलेत. सांभाळून घ्या," असं दारात पुटपुटून प्राचार्य तिघा पाहुण्यांना आत सोडून निघून गेले.

अध्यक्ष उंचेपुरे, पांढऱ्या दाढीचे होते. त्यांनी स्पेक्ट्रोमीटर दोन्ही हातांनी जरासा उचलून पाहिला आणि "वजनदार आहे," असा शेरा दिला. विज्ञानाचा प्रश्न त्यांनी एकही विचारला नाही. शंभर कॉलेजं बघून विटलेला माणूस असणार, असं बाईंना वाटलं. बाकीचे दोघं मुलांशी गप्पा मारत पुढच्या टेबलाकडे गेले. अध्यक्ष तिथेच थांबले.

"तुमचा चेहरा बरा दिसत नाही, बाई."

"काही नाही. जरा डोकं दुखतंय."

"तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचतोय मी. मनात काही असेल तर बोला."

बाईंनी लाल दिव्याकडे पाहिलं. सकाळीच नवरा बजावत होता, "चारच वर्षं राहिलीत निवृत्तीला. तोंडाला कुलूप लाव." नवऱ्याचं खोटं नव्हतं. पण ही सहा पोरंसुद्धा उद्या कुठेतरी जाऊन चारचौघांत खाली मान घालणार होती, आणि त्यांच्याही वह्यांवर बाईंचीच सही असणार होती.

"यातले अठरा जण माझे नाहीत," त्या म्हणाल्या. "हा ऑसिलोस्कोप मेलेला आहे. शेजारच्या खोलीतल्या बाटल्यांत पाणी आहे. वह्या सगळ्या उतरवलेल्या. आणि तपासलेल्या मीच."

एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबताच येईना. अध्यक्ष मान डोलावत ऐकत राहिले. शेवटी शेवटी तर त्यांचे डोळे पाणावले.

"हे लिहून द्याल? तुमच्या सहीनिशी?"

बाईंनी प्रयोगवहीतलं कोरं पान टरकावलं. पाठपोट लिहिलं. खाली सही केली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्या सहीची त्यांना किळस वाटली नाही.

अध्यक्षांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "तुमच्यासारखं माणूस सापडावं म्हणूनच आम्ही एवढं फिरतो," ते म्हणाले.

संध्याकाळी बाईंनी घरी सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "केलंस ते केलंस. आता निस्तरू दोघं मिळून." त्या रात्री बाईंना गाढ झोप लागली.

सकाळी त्या ठरल्या वेळी पोचल्या. प्रयोगशाळेच्या दारात शिपाईमामा स्टूल टाकून बसले होते. ते उठून आडवे उभे राहिले.

"तुम्हाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय, बाई."

"कुणी सांगितलं?"

"प्राचार्यांनी. तुम्ही आजारपणाची रजा घेतलीय म्हणे."

"मी? मामा, धडधाकट उभी आहे ना मी तुमच्यासमोर?"

मामांनी नजर चुकवली. "माझ्या हातात काय आहे, बाई? आत समिती आलीय."

"समिती काल येऊन गेली."

मामांनी स्टूल पायाने दारात आणखी आडवं ओढलं. त्यांच्या खांद्यावरून अर्धं उघडं दार दिसत होतं. आत चोवीस अॅप्रन जागच्या जागी होते. प्राचार्यांबरोबर दोन बायका आणि एक गृहस्थ फायली घेऊन उभे होते. तिघंही बाईंनी कधी न पाहिलेले. त्यांतल्या एकीने मेलेल्या ऑसिलोस्कोपवर बोट ठेवून विचारलं, "या विभागाचं कोण बघतं?"

"हे आमचे भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख," प्राचार्य हसतमुखाने म्हणाले, आणि बाईंच्या खुर्चीतून कालचे अध्यक्ष नमस्कार करत उठले.